अर्गिरीसच्या वाटणीचा तुकडा

नववर्षाची सुट्टी संपल्यावर वोलोसच्या पोस्टात ही गर्दी! माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. बाईंच्या हातात पत्र्याचा डबा.

"इवांथिया, नववर्षाच्या केकचा शिळा तुकडा स्टुटगार्टला पाठवतं का कुणी? लोक हसतील!"

"हसू देत. लेकाच्या वाटणीचा आहे. केकमध्ये लपवलेलं नाणं त्यातच निघालं, म्हणजे यंदाचं नशीब अर्गिरीसचं."

"दोन वर्षांत साधा फोन नाही त्याचा! त्याचा तुकडा कापूच नको म्हणत होतो मी."

"घरचं माणूस लांब असलं तरी त्याचा तुकडा कापतातच, स्तेर्गिओस. आणि सुरी तर तुझ्याच हातात होती."

"तू डोकं खाल्लंस म्हणून कापला!"

"बरं. मग आपल्या लेकीच्या, फोतिनीच्या तुकड्यातही निघालं, ते नाणं कुठलं?"

"कुठलं म्हणजे? केकमधलंच."

"केकमध्ये मी एकच घातलं होतं."

म्हातारबुवा खिशात पेन शोधू लागले.

"बोल की आता!"

"रांग पुढे सरकली, दिसत नाही का तुला? आण तो डबा इकडे. पत्ता मी लिहितो. तुझं अक्षर त्याला लागत नाही."