मधल्या स्टेशनावर नातीला घेऊन उतरल्याबाबत

नाव: आत्माराम गणपत जगदाळे. वय: ७१ वर्षे. धंदा: साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट, आता निवृत्त. राहणार: कराड, जि. सातारा, सध्या मुक्काम मुलाकडे, येना, जर्मनी. दिनांक १२ ऑक्टोबर २०२४, सायंकाळी ५.१०. मला जर्मन येत नसल्याने दुभाषी म्हणून येना येथील विद्यार्थिनी ईप्सिता देव हजर आहेत.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पोलीस ठाण्याची पायरी मी एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदाच चढलो, तीही परमुलखात.

आज दसरा. मुलगा यशोधन, सून स्वरूपा आणि नात अन्वी, वय ६, यांच्यासोबत वाफेची डोंगररेल्वे बघायला आलो. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते, तिच्यात इंजिनाचे दातेरी चाक अडकते आणि इंजिन मागून डबे वर ढकलते. तिकिटे दोनच मिळाली. मुलगा-सून पायथ्याशी थांबले. अन्वीला माझ्या एकट्याच्या स्वाधीन करण्याची ही पहिलीच वेळ. मी खुशीत होतो.

दुपारी १२.०५ ला गाडी मधल्या स्टेशनावर पाणी घ्यायला थांबली. तिथे रूळ सपाट आहेत. दसऱ्याला आम्ही बॉयलरला फूल वाहतो. मुलाच्या बाल्कनीतला एक झेंडू मी खिशात आणला होता. ड्रायव्हरने हसून मला इंजिनावर घेतले. फूल ठेवताना मी बॉयलरची काच पाहिली. या काचेत आतले पाणी कुठवर आहे ते दिसते. पाणी पार तळाला गेले होते. खाली भट्टी पेटलेली. अशाने बॉयलर फुटतो. मी बोटाने काच दाखवली. ड्रायव्हर 'आलेस गूट' म्हणाला, म्हणजे सगळे ठीक.

१९९१ साली आमच्या कारखान्यात काच अशीच रिकामी दिसली होती. मी इंजिनियरसाहेबांना विचारायला गेलो. माझा जोडीदार चंद्रशेखर बॉयलरपाशी थांबला. विचारून परत यायला मला चार मिनिटे लागली. त्याबद्दल जास्त सांगायचे नाही.

आज मी कोणाला विचारले नाही. अन्वीला डब्यातून उचलले आणि जंगलाच्या वाटेने पळालो. डब्यात चाळीसएक माणसे होती. त्यांना मी काही सांगितले नाही. हे मला विचारलेले नाही, पण सांगतो.

अन्वीला मराठी समजते, बोलते मात्र जर्मन. तिला वरपर्यंत जायचे होते. ती ओरडत होती आणि लाथा मारत होती. सोड मला, मला नाही यायचे, असे ती ओरडत होती, हे ईप्सिताताईंनी साक्षीदारांच्या जबाबावरून आत्ता सांगितले. डोंगर चढणारे एक जोडपे आडवे आले. बाईंनी अन्वीला विचारले, हा तुझा ओपा, म्हणजे आजोबा का? अन्वी रागाने 'नाइन', म्हणजे नाही, म्हणाली. एवढे जर्मन मला येते.

बाईंनी तिचा एक हात धरला, दुसरा मी ओढला. त्या ओढाताणीत ती दोघांच्याही हातातून सुटली आणि धुक्यात पळाली. मी हाका मारल्या. पण माझा एक कान गाडीकडे होता. आता धडाका होईल, मग होईल, असे वाटत होते. मला फार भीती वाटत होती. १२.५० ला तीच गाडी शिट्टी देत धडधाकट खाली गेली आणि पोर मात्र सापडत नव्हती.

२.४० ला रेल्वेच्या कामगारांना ती अवजारांच्या खोपटात बसलेली सापडली. गुडघा खरचटला आहे. सध्या ती शेजारच्या खोलीत आईजवळ आहे. मी दारापर्यंत गेलो. तिने तोंड आईच्या जाकिटात लपवले.

ड्रायव्हरने इथे येऊन समजावले. चढावर बॉयलर आडवा राहावा म्हणून या इंजिनात तो मुद्दाम तिरका बसवतात. सपाटीवर पाणी पुढे सरकते, म्हणून मागची काच रिकामी दिसते. इंजिनात दोष नव्हता. चाळीस वर्षे बॉयलर सांभाळला, पण तिरका कधी पाहिला नव्हता. दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो, तसे माझे झाले. पोलिसांना कळवणाऱ्या त्या जोडप्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

पुन्हा असे करणार नाही एवढे लिहून दिल्यास प्रकरण इथेच मिटवू, असे इथले पोलीससाहेब म्हणतात. यशोधन म्हणाला, "बाबा, लिहा ना, एका ओळीचा तर प्रश्न आहे." मी बराच विचार केला. काच रिकामी दिसली तर मी पुन्हा उतरेन, पोरीला घेऊनच उतरेन. हे वाक्य काढून टाका, असे यशोधन तीनदा म्हणाला. मी ठेवायला सांगितले.

हा जबाब ईप्सिताताईंनी मला मराठीतून सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे. वाचून झाल्यावर माझ्या सांगण्यावरून शेवटी एक ओळ वाढवली, ती अशी: यापुढे अन्वीला माझ्याजवळ एकटी ठेवू नये.

(सही) आ. ग. जगदाळे