वीस वेळा कधीकधी

नोंदणीबाई : वेळ सांगा. नेमकी.

आई : सकाळी सात चाळीस. मी दूध तापवत होते, मागे धप्प आवाज आला.

नोंदणीबाई : कोण पडलं?

आई : पडलं नाही. पाडलं. मुंगीने बाळाला पाय धरून पलंगावरून ओढलं.

नोंदणीबाई : मुंगी म्हणजे?

बाबा : आमची मोठी. सव्वाचार वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून मुंगी. चावते म्हणून नाही.

आई : चावतेही.

बाबा : अगं, सांगतोय ना मी.

नोंदणीबाई : बाळ कसं आहे?

आई : पाच महिन्यांचं आहे हो. दवाखान्यात ठेवलंय, सासूबाई बसल्यात जवळ. डोक्याला सूज आलीय. उद्यापर्यंत लक्ष ठेवू म्हणाले.

नोंदणीबाई : आणि मुंगी?

बाबा : ती काय, तुमच्या त्या बाकाखाली. तासभर झाला. ओढून काढायला गेलो तर डोकं आपटते.

नोंदणीबाई : ओढू नका. राहू दे तिथेच, मला दिसतेय. हे बघा, आमच्या बालमानसोपचार विभागात तीन महिन्यांपूर्वी भरलेला तुमचा जुना फॉर्म आहे माझ्याकडे. वाचते. ‘दुसऱ्यांना मारते, चावते का?’ कधीकधी. ‘स्वतःला इजा करते का?’ कधीकधी. ‘समजूत घालूनही शांत होत नाही असं घडतं का?’ कधीकधी. वीस प्रश्न, वीस वेळा कधीकधी. शिक्का बनवून घेतला होता का दादा?

बाबा : मीच सांगत होतो, ही लिहीत होती. शाळेच्या फॉर्मवर खरं लिहिलं होतं, ‘हट्टी आहे’. दोन शाळांनी दारातूनच परत पाठवलं. म्हटलं इथे तरी प्रवेश मिळू दे.

नोंदणीबाई : इथे उलटं आहे. जेवढं वाईट, तेवढं लवकर बोलावतात. तुमची मुलगी कागदावर इतकी गुणी निघाली, की नंबर लागलाय दोनशे चौदावा. म्हणजे नऊ महिने.

बाबा : मग तसं वर छापायचं ना!

नोंदणीबाई : छापलं, तर कागदावर सगळ्यांचीच मुलं रोज घर पेटवतील. हा नवा फॉर्म. मी विचारते, तुम्ही सांगा. ‘मारते, चावते?’

बाबा : कधी...

आई : रोज.

बाबा : रोज कुठे? मी असतो तेव्हा तर...

आई : तू लिफ्ट दुरुस्त करायला सहाला जातोस आणि ती झोपल्यावर येतोस. हे बघ माझे हात.

बाबा : हे तर... इस्त्रीने भाजलं म्हणालीस तू. लॉन्ड्रीत, कामावर.

आई : दोन्ही हातांना? दंडावर? इस्त्री काय दातांची असते?

(आई बाह्या खाली ओढते.)

नोंदणीबाई : ‘स्वतःला इजा?’

आई : रोज. झोपायच्या आधी भिंतीवर डोकं आपटते. मी मध्ये हात ठेवते.

नोंदणीबाई : केव्हापासून?

आई : अडीच वर्षांची होती तेव्हापासून. बाळामुळे नाही सुरू झालं. सगळे तेच म्हणतात, मीही तेच म्हणत आले.

नोंदणीबाई : ‘मुलाला एकटं सोडायची भीती वाटते का?’

आई : तिला काही होईल याची, की ती काही करेल याची?

नोंदणीबाई : छापलंय एवढंच.

आई : रोज लिहा.

नोंदणीबाई : झाले वीसही प्रश्न. इथे दोघांच्या सह्या लागतील. दादा?

बाबा : हा कागद शाळेत जातो का? नाही, म्हणजे पुढे तिच्या मागे लागला तर? वेडी म्हणून...

नोंदणीबाई : तुम्ही सांगितल्याशिवाय कुठेही जात नाही. वेडी हा शब्द या फॉर्मवर नाही.

आई : कर सही.

बाबा : करतोय. हात तरी पोचू दे.

नोंदणीबाई : गुण झाले बावन्न. पन्नासच्या वर तातडीची यादी.

आई : मग आज बघतील?

नोंदणीबाई : यादी डॉक्टरबाई शुक्रवारी बघतात. मग त्या फोन करतात.

बाबा : आज मंगळवार.

नोंदणीबाई : मी वर आजच्या घटनेची वेळ लिहिलीय, लाल शाईने. याहून जास्त माझ्या हातात नाही. बाळ घरी आलं, की फोन येईपर्यंत दोन्ही मुलांना एका खोलीत ठेवू नका.

बाबा : बाई, खोली एकच आहे.