नंबर सतरा, सोबत कोणी नाही

आणि वर म्हणतात, नाव सांगायचं नाही! छातीवर नंबर लावायचा, सतरा, स्टेजवर जायचं, तोंड उघडायचं नाही, वाजवायचं आणि उतरायचं... आणि मार्क देणारे कुठे? समोर? छे! बाजूच्या खोलीत, दार बंद, आत तिघं बसून स्पीकरवर ऐकतात. का? तर माणूस बघून मार्क देऊ नयेत म्हणून. अरे, मी अबू धाबीला, मुसफ्फात, एकतीस वर्षं वेल्डिंग केलं. माझं काम तपासायला इन्स्पेक्टर यायचा तो तोंडासमोर उभा राहायचा, टॉर्च मारायचा, नापास केलं तर डोळ्यांत बघून करायचा. ही काय पद्धत?

मी घाबरत नाही. हे आधी सांगून ठेवतो. लॅन्सी कुणाला घाबरत नाही. पण तुम्हाला सांगतो, सकाळपासून फिडलची पेटी चारदा उघडून चारदा बंद केली.

हे सुरू झालं माझ्या नातीमुळे. सँड्रा, वय नऊ. मी रिटायर झाल्यापासून विन्स्टनकडे असतो, माझ्या मुलाकडे, दुबईत सिलिकॉन ओएसिसमध्ये, सोळाव्या मजल्यावर. एक दिवस ही पोरगी शाळेतून नाचत आली. "ग्रँडपा, फिडल काँटेस्ट! ओल्ड टाइम म्यूझिक! यू आर ओल्ड!" झालं. अमेरिकन लोकांचा कसला तरी क्लब, दरवर्षी एका शाळेच्या हॉलमध्ये जुन्या चालींची स्पर्धा घेतो. विन्स्टनने लगेच मोबाईलवर फॉर्म उघडला. म्हणाला, "पपा, सोबत एक गिटारवाला चालतो, पण नाव आधी द्यावं लागतं. कोण लिहू?"

मी म्हटलं, "सोबत कशाला?"

तुम्हाला सांगतो, सहासष्ट वर्षांत एवढं मूर्ख वाक्य मी बोललो नव्हतो.

कारण काय, सांगतो. हसायचं नाही. मी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवतो, खरं आहे. बाराव्या वर्षापासून वाजवतो. वसईत आमच्या गावात असताना एक लग्न सोडलं नाही, चर्चचा एक सण सोडला नाही. पण मी वाजवायचो सेकंड. फर्स्ट माझा मोठा भाऊ टोनी. फर्स्टवाला गाणं वाजवतो, लोक नाचतात ते त्याच्यावर. सेकंडवाला खालून धरून ठेवतो. छप्पर टोनीचं, खांब माझे. मला तीनशे चाली येतात. आणि त्या तीनशेच्या तीनशे चालींतलं गाणं मला येत नाही! नुसते खांब येतात! आता सांगा, नुसते खांब बघायला कोण येतं?

टोनी दोन वर्षांपूर्वी गेला. तीनशे चालींची छपरं घेऊन गेला.

आणि मी? मी एकतीस वर्षं वर्कशॉपमध्ये काय सांगितलं? "मी फिडलवाला आहे." सेकंड हा शब्द कधी काढला नाही. कशाला काढायचा? कोण येतंय वसईला बघायला? पण आमचा फोरमन, खैरुद्दीन, हैदराबादचा, त्याला विन्स्टनने फोन करून सांगितलं. त्याचा मला लगेच फोन! "लॅन्सीभाय, पूरा शॉप आ रहा है! कंपनी की बस मिल गई! टेन्शन नक्को!" अकरा माणसं. सुटीच्या दिवशी, दीड तास बसमधून, माझे खांब ऐकायला!

मी घाबरत नाही. फक्त तीन आठवडे झोप लागली नाही.

शिकायला गेलो, बरं का. बाल्कनीत दार लावून बसलो. म्हटलं, बावन्न वर्षं, पुढे सुटीत का होईना, टोनीच्या शेजारी बसलो, कानात तर आहेच, बोटात आणायचं. हनुवटीखाली फिडल धरलं, डोळे मिटले, टोनी आठवला, गज उचलला... बोटं गेली खाली, आपल्या जागेवर. पुन्हा उचलला. पुन्हा खाली! वीस वर्षं एकाच रस्त्याने जाणाऱ्या कंपनीच्या बसला तुम्ही कितीही सांगा, आज समुद्रावर चल, ती वळणार मुसफ्फालाच. मग मनात काय काय यायला लागलं... बोटावर हातोडी मारून घेऊ? दात दुखतो म्हणू? एकदा तर फिडल घेऊन लिफ्टमध्ये उभा राहिलो की लिफ्ट बंद पडेल, आत अडकेन, स्पर्धा निघून जाईल. कसली अडकते! इथली लिफ्ट!

घरात एकीलाच ठाऊक होतं. ब्रिजिटला, माझ्या बायकोला. ती चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "अहो, सांगून टाका ना पोराला. काय होतंय?"

"काय सांगू?"

"की तुम्हाला गाणं येत नाही."

"येत नाही? मला?"

"मग वाजवा."

मी चहा प्यायलो.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरलेला. मोठ्या टोप्या घातलेले गोरे, त्यांच्या बायका, आणि एक आठ वर्षांची मुलगी, नंबर सोळा, माझ्या आधी. ती वाजवायला लागली आणि सगळा हॉल पाय आपटायला लागला. काय गज, काय बोटं! उतरताना मला म्हणते, "गुड लक, सर." सर! मला वाटलं, हिच्याच पायांवर डोकं ठेवावं आणि दारातून पळावं. दारात खैरुद्दीन उभा होता. अकरा जणांसह. हात हलवत.

वर गेलो.

मी घाबरत नाही, पण छातीवरचा नंबर उलटा लागला होता, त्याला मी काय करू?

आधी एक वॉल्ट्झ वाजवायची. आमच्या लग्नांत नवरा-नवरी पहिल्यांदा नाचतात ती घेतली. गज ठेवला. ढुम्... चक चक. ढुम्... चक चक. लोक वाट बघताहेत. ढुम्... चक चक. कुणीतरी खोकलं. मागून खैरुद्दीनचा आवाज, त्याला वाटतं तो हळू बोलतोय, "अभी उस्ताद मशीन गरम कर रहे हैं. असली माल बाद में."

ढुम्... चक चक.

असली माल! कुठून आणू? कपाळावरून घाम डोळ्यांत, डोळ्यांतून फिडलवर. सँड्रा पहिल्या रांगेत, तिचं तोंड उघडं होतं ते हळूहळू मिटलं. तुम्हाला सांगतो, इन्स्पेक्टरने अख्खी टाकी नापास केली असती तरी चाललं असतं, पण ते तोंड तसं मिटायला नको होतं. मी ठरवलं, आता थांबायचं. खलास. सांगायचं, बायांनो, बाबांनो, ह्याचं वरचं मला येत नाही.

आणि तेवढ्यात कुणीतरी गायला लागलं.

शब्द नाहीत. नुसतं ला ला. चौथ्या रांगेतून. टोनीचं गाणं, टोनीच्या वळणांसकट, जिथे तो उगाच लांबवायचा तिथे लांबवून... ब्रिजिट! ही बाई कधी चर्चमध्ये मोठ्याने गायली नाही! पर्स पोटाशी धरून बसलेली, मग उभी राहिली, आणि माझ्याकडे न बघता, समोर भिंतीकडे बघत गायली. मला आधी राग आला. नियम आहे! सोबत लिहिली नाही! बाई, बस खाली! पण बोटं माझं ऐकेनात. बोटांना वर कुणीतरी मिळालं होतं, दोन वर्षांनी. आम्ही दोघांनी वॉल्ट्झ संपवली, मग जलद चालही घेतली, आणि लोक पाय आपटत होते, आणि सँड्रा खुर्चीवर उभी होती.

निकाल? बाद. "नंबर सतरा, सोबत जाहीर केली नाही." बरोबर आहे, नियम म्हणजे नियम, माझी तक्रार नाही.

पण मग बंद खोलीचं दार उघडलं. तिघांतला मोठा, उंच म्हातारा, टोपी हातात घेऊन बाहेर आला. मी फिडल काखेत धरून ताठ उभा राहिलो. तो माझ्याजवळून गेला. लोक बोट दाखवत होते तिकडे, सरळ ब्रिजिटपुढे. म्हणाला, "मॅडम, असा साथीदार कुठे मिळाला? सोडू नका." आणि पुढच्या वर्षीच्या गाण्याच्या स्पर्धेचा कागद तिच्या हातात दिला.

तिने तिथेच भरला. वर तिचं नाव. खाली, सोबत, माझं. मला विचारलंसुद्धा नाही!

आता रोज सकाळी नाश्ता झाला की हाक येते, "अहो, बसा." मी बसतो. तिला भीती नावाची चीज नाही. ताल सोडते, मनाला येईल तिथे श्वास घेते, मधलं एक कडवंच गिळून पुढे जाते, आणि मी इथे धडपडत मागे. आणि तुम्हाला सांगतो, चुकली की थांबते का? नाही. वळून माझ्याकडे बघते. मग विन्स्टन माझ्याकडे बघतो. सँड्रा माझ्याकडे बघते.

मी म्हणतो, "सॉरी."