जत्रेच्या दिवशीचं दूध

एआय आल्यापासून आमच्या ऑफिसातल्या सलीमला जुना कोड डोळ्यासमोर नको असतो. गावोगावच्या दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आमचं. त्यात पूर्वी कुणीतरी एक अट घातलेली: अमुक अमुक गावांचं त्यांच्या ठरलेल्या तिथीला दूध आलं नाही, तर इशारा पाठवू नये. का, ते लिहिलेलं नव्हतं.

एआयनं विचारलं, "ही अट निरुपयोगी दिसते. काढू का?"

सलीम कसला थांबतोय! "काढ की."

मग एके दिवशी पन्हाळ्याकडच्या एका गावाचं दूध आलंच नाही. सिस्टीमनं दूध संघाला कळवलं, "जनावरांत साथ असण्याची शक्यता." जनावरांचे डॉक्टर औषधं घेऊन जीपनं गावात गेले. तिथं जत्रा! सगळं दूध पाव्हण्यांच्या चहाला आणि खिरीला घरातच ठेवलेलं.

हे कळल्यावर सलीमनं घाबरून फोन लावला. "डॉक्टर, चूक आमची हाय. अट आजच परत घालतो."

पलीकडं कुणीतरी "पावणं, रस्सा घ्या की" म्हणत होतं. डॉक्टर भरल्या तोंडानं म्हणाले, "एवढी गडबड कशाला? पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची जत्रा हाय."