सरांची दंडार

आमचं गाव चांदा जिल्ह्यातल्या सावलीकडचं, वैनगंगेच्या अंगाचं, सारं धानाचं. बाप धान करे अन् मंडईत दंडार करे. मंडई म्हनलं का तुमाले भाजीबाजार दिसत असन, तसं नाई जी. दिवाळी झाली का आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई येतेत, पाव्हणे येतेत, अन् दिवसाउजेडी गावाच्या मोकळ्या आखरावर दंडार होते, म्हंजे गावातल्याच मानसाइनं नाचत-गात केलेला खेळ. त्यात बाईबी पुरुषच होते. आमचा बाप जवानीपासून बाई झाला, अन् लुगडं असं नेसे का गावातल्या बायका पाहून राहात.

माझी माय मी रांगत होतो तवाच गेली. मी कोनापाशी राहो नाई, नुसता रडे. एका मंडईले बाप खेळ झाल्यावर तसाच घरी आला, लुगडं, बांगड्या, कुंकू, अन् त्याले पाहून मी चूप झालो, माय म्हनलं म्हनतेत. मंग काय सांगू तुमाले, तो मानूस कितीतरी दिवस वावरातून आला का हातपाय धुवे, लुगडं नेसे अन् मले खाऊ घाले. हसनारे हसले. त्यानं हसू देल्लं.

मी शिकलो. चांद्याले मॅट्रिक, मंग नागपूरले, मराठीच्या एम.ए.पर्यंत. स्वराज्य येऊन थोडीच वर्सं झाली होती. तिथं आमचे सर होते, नाव नाई सांगत, जिते आहेत अजून. त्याइनं नवीनच काढलं होतं, का एम.ए.च्या पोराइनं एका पेपराच्या बदल्यात स्वतः कथा लिहाची. शनवारी त्याइच्या घरी वर्ग भरे, सर आरामखुर्चीत, आम्ही सतरंजीवर. सराच्या अंगावर शाल, नागपूरच्या मे महिन्यातबी. अनुभूती हा शब्द ते इतक्या हळू बोलत का तो संपेपर्यंत चहा थंडा होये.

मी बापाची गोष्ट लिहिली, आमच्या बोलीतच लिहिली, अन् वाचून दाखवली. सर डोळे मिटून म्हनाले, सोमाजी, ही माहिती आहे, कथा नव्हे, आणि भाषा तर अगदीच रानटी. पोट्टे हसले. त्या पेपरात मले नापास केलं. मी गावी आलो अन् मास्तर झालो.

पुढच्या दिवाळीले एका अंकात तीच कथा. बाप माझा, लुगडं त्याचं, रडनारा मी, अन् नाव सराचं. माझं ‘मले’ होतं तिथं ‘मला’ झालं होतं, बस, तेवढाच संस्कार. मंग काय, सर झाडीचे, म्हंजे आमच्या या मुलखाचे, लेखक झाले, जिथं तिथं सत्कार.

बापाले वाचून दाखवलं. बाप म्हने, लिहिलं तं चांगलं हाये, पन याले मी कवा सांगतलं? म्हनलं बाबा, मी सांगतलं. बापानं माझ्या हातातला अंक घेऊन मिटला. मंग म्हने, याले इथी आन.

आता आमच्या दंडारीची रीत आयका. ज्यानं खेळ रचला त्याले आखाड्यात उभं राहा लागते. नाचता नाचता खेळगडी थांबते अन् पुसते, हा मानूस असा काऊन वागला? रचनाऱ्याले तिथंच सांगा लागते. नाई सांगता आलं तं खेळ त्याचा नाई.

मी सराले आवतनाची चिठ्ठी लिहिली, अगदी पुणेरी मराठीत. माझं तेवढं एकच लिखान त्याइले पसंत पडलं.

सर आले. सावलीहून बैलबंडीत, शाल पांघरून. मातीच्या गंधावर भाषन केलं, पुढं बसलेल्या बाया नाक वर करून हुंगून राह्यल्या. मंग पाटील म्हनाले, आजची दंडार सराच्या कथेवर, रचनाऱ्यानं आखाड्यात यावं. सराले वाटलं सत्कार हाये, आले हसत.

बाप लुगडं नेसून आला. पोर माय म्हनते तिथपर्यंत खेळ आला, अन् बाप थांबला. डफ थांबला. बाप म्हने, सर, मंडई तं त्याच दिवशी सरली, मंग या मानसानं दुसऱ्या दिवशी लुगडं काऊन नेसलं?

सर म्हनाले, ती वात्सल्याची अनुभूती आहे.

बाप म्हने, ते राहू द्या, पोराचं नाव सांगा.

पात्राला नाव देण्याची गरज नव्हती.

मले होती, बाप म्हने, अन् त्यानं माझ्याकडं बोट केलं. हा सोमाजी. अन् तो मानूस मी.

सराच्या कपाळाले घाम. अहो, ही सारी माझी कल्पना आहे. तवा मागून एक म्हातारी माझ्या दाढीकडं पाहून वरडली, अगं बाई, कल्पनेले दाढी फुटली!

सारं आखर हसलं. सर माझ्या कानाशी आले, सोमाजी, आपण घरी बोलू. मी मोठ्यानं म्हनलं, सर, इथी सारं आखाड्यातच बोलतेत, कथा कोनाची तेवढं सांगा. ते तोंडातल्या तोंडात बोलले, तुझी. बाप म्हने, डफवाल्याले आयकू नाई आलं. सराले पुन्हा बोला लागलं. मंग डफ वाजला. पुढचा सारा खेळ त्याइले बसून पाहा लागला, काऊन का बंडी हाकनारा आखाड्यात नाचत होता.

एम.ए. राह्यलं ते राह्यलंच. पुस्तकात अजून त्याइचंच नाव छापून येते, नागपुरात कोन मानते आखरावरचं? बाप गेला. लोक म्हनतेत, मास्तर, मोठा मानूस हाये, सोडून द्या आता. काऊन सोडू जी? मेला का त्याच्याबद्दल सारे चांगलंच बोलतीन, मलेबी बोला लागन. म्हनून रोज हात जोडतो, देवा, सराले लंबी उमर दे. अन् कान शाबूत ठेव. इथी त्याइच्याबद्दल जे बोलतेत ते सारं त्याइले आयकू आलं पाहिजे.