ठकूआत्याचा वरवंटा

मंडळी, आयाबायांनो, आणि मुंबईहून सकाळच्या गाडीनं आलेल्या भावांनो,

मला बोलायला उभं केलंत खरं, माइकही हातात दिलात. कंपनीत सुपरवायझरशी बोलतो, ग्रामपंचायतीत सदस्य म्हणून भांडतो. इथं मात्र जमत नाही. समोर फोटोत ठकूआत्या बसलीय, आणि डोळे बारीक करून माझ्याकडंच बघतेय. आत्ता विचारेल, "पांड्या, खरं सांगतोस ना रे?"

तर आत्या, खरंच सांगतो.

माझ्याआधी बोललेले पाहुणे म्हणाले, आत्या शंभरी पार करून गेली. बाहेर बॅनरवरही शंभर छापलंय. मला माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं. कुणी वय विचारलं की म्हणायची, "जलमले तवा मी ल्हान व्हते, ध्यानात नाय." आज असती तर तिनं तो बॅनर उतरवायला लावला असता.

आत्या माझी सख्खी नव्हे. अख्ख्या वाडीची आत्या. शाळेची पायरी चढली नाही, जन्मभर शेरडं राखली. आणि शेरडं राखणाऱ्यांची एक रीत आहे, ती मुंबईच्या पोरासोरांसाठी सांगतो. शेरडू हरवलं, आणि कुणी म्हणालं की समोरच्या डोंगराच्या धारेवर दिसलं, तर आपल्याकडं लगेच कुणी धावत सुटत नाही. आधी विचारतात, तू उभा कुठं होतास? कारण खालच्या पायवाटेवरून बघितलं तर पुढची धार आणि मागची धार एकच दिसते. सांगणारा खोटं बोलत नसतो. पण शोधणाऱ्याला डोंगराचा फेरा पडतो, आणि तेवढ्यात जनावर जातं.

आत्या हाच प्रश्न घेऊन ग्रामसभेत यायची. रस्त्याचं भांडण असो, रेशनचं असो, लसीच्या अफवा असोत. एखादा तावातावानं बोलायला लागला की मागून आवाज यायचा, "त्ये समदं खरं रे बाबा, पन तू उभा कुठं व्हतास?" हसायचो आम्ही. मी तर जास्तच हसायचो. शिकलेला ना मी!

आता माझी चूक सांगतो. इथं नाही सांगितली तर कुठं सांगणार?

शिमगा होऊन आठवडा झाला होता. ओढ्याच्या डोहात मासे मेलेले सापडले. मी तेव्हा पहिल्या पाळीला, कंपनीत. मुंबईच्या चुलतभावानं फोनवर फोटो पाठवला, खाली लिहिलेलं, 'टँकरनं केमिकल सोडलं.' माझं डोकं फिरलं. मी त्याखाली 'आपल्या ओढ्यात विष' असं लिहिलं आणि सगळ्या ग्रुपवर टाकलं. सदस्य मी. माझं नाव बघून लोकांनी मानलं. मी घरी पोचेपर्यंत वाडीच्या माणसांनी मोरीवर, ओढ्यावरच्या त्या छोट्या पुलावर, एक टँकर अडवला होता, ड्रायव्हरला खाली ओढलं होतं आणि ह्याच समाजमंदिरात, ह्याच खांबाला टेकवून बसवलं होतं. शर्ट फाटलेला. ओठातून रक्त. दोघंचौघं हात चोळत उभे होते.

तो ड्रायव्हर दासगावचा नितीन. आज इथं आलाय. उठू नकोस नितीन, बस.

आत्या आली. हातात पदराखाली काहीतरी. मला म्हणाली, "मासं मेल्यालं तू पायलंस?"

म्हटलं, "फोटो आहे आत्या."

"फोटू कुनी काढला?"

चुलतभावाला फोन लावला. त्याला तो फोटो शेजारच्यानं पाठवलेला. शेजाऱ्याला आपल्याच वाडीतल्या कुणीतरी. म्हणजे बघा, आपल्या ओढ्याचा फोटो मुंबईला जाऊन, तिथून केमिकल घेऊन माझ्याकडं परत आला होता. आणि टँकर ओढ्यात रिकामा करताना बघणारा? एकही नाही. सगळ्यांनी ऐकलेलं. कुणाकडून ऐकलं, तर माझ्याकडून!

मग आत्या म्हणाली, "मी मोरीपासनं वर चालत गेले. वरल्या डोहातबी मासं मेल्यात. टँकर मोरीवरनं जातो. पानी उलटं डोंगर चढतंय काय रे?"

आत्यानं पदराखालून वरवंटा काढला आणि टेबलावर ठेवला. त्याला गेळफळांचा चोथा चिकटलेला. गेळ ठेचून डोहात टाकलं की मासा गुंगतो, वर येतो, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. जास्त टाकलं की मरतो.

"ह्यो वरवंटा वरल्या डोहाच्या कातळावर गावला," आत्या म्हणाली. "आनि ह्यो माज्या घरचा हाय. सकाळधरनं धुंडत व्हते."

मंडळी, तिला तो वरवंटा तिथंच झुडपात टाकता आला असता. पोटचा पोर रामा शिमग्याला आलेला, दोन दिवसांनी परत जाणार. कुणाला कळलं असतं? पण ती म्हणाली, "रामा, म्होरं ये."

रामाला विचारूनच सांगतोय हे. रामा पुढं आला, नितीनचे पाय धरायला वाकला. नितीननं त्याला वरच्या वर धरलं. आणि मी? मी खांबाआड होतो. आत्या मला एवढंच म्हणाली, "तुज्या तोंडाला वजन हाय रे. आदी बघ, मंग बोल."

त्याच जागी बसून मी ग्रुपवर लिहिलं, माझं चुकलं. आत्यानं ते वाचून घेतलं, दोनदा.

पुढच्या वर्षी मात्र ओढ्याला खरोखरच उग्र वास आला. ह्या वेळी मी फोन खिशात ठेवला आणि आधी आत्याकडं गेलो. आम्ही पाच जण आळीपाळीनं मोरीजवळ थांबलो. कोण कुठं उभं होतं, कुणी काय बघितलं, टँकरचा नंबर काय, ज्याचं त्यानं लिहिलं. ज्याला नंबर नीट दिसला नाही, त्यानं 'दिसला नाही' असं लिहिलं. त्यावर आत्याचा हट्टच होता. पंचांसमोर ओढ्याच्या पाण्याची बाटली भरली. नितीननं स्वतः येऊन सांगितलं, टँकरचा कोणता नळ कसा उघडतो.

प्रदूषण मंडळाच्या साहेबांनी फाइल बाजूला सारत विचारलं, "ऐकीव आहे का?" मी म्हटलं, "नाही साहेब. मी मोरीच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली उभा होतो." तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि पेन उघडलं. तपासणी झाली, ते टँकर बंद झाले. आत्ता तुम्ही चहा प्यायलात ना, तो त्याच ओढ्याच्या पाण्याचा.

आत्या, तुझे उपकार कसे फेडू? एका निरपराध पोराच्या अंगावर आणखी हात पडला असता, तर मी जन्मभर मान वर करू शकलो नसतो. ती मान तू राखलीस. स्वतःच्या पोराची मान खाली घालून राखलीस.

आत्या गेली तेव्हा मी नव्हतो, दुसऱ्या पाळीला होतो. काल ग्रुपवर वाचलं, आत्यानं देवाचं नाव घेत प्राण सोडला. मी रामाच्या बायकोला विचारलं, "वहिनी, तुम्ही कुठं होता?"

ती म्हणाली, "उशाशीच. चमच्यानं पानी घालत व्हते. म्हातारी म्हनली, शेरडांना पानी दावलंस का गो? मी म्हनलं, दावलं. मंग तिनं डोळं मिटलं."

बस्स. एवढंच झालं. देवाचं नाव ह्याहून वेगळं काय असतं, मला ठाऊक नाही. मी ग्रुपवर तेवढंच लिहिलं.

आता सगळे उठू या. टाळ्या नकोत, घोषणा नकोत. तिच्या शेरडांच्या घुंगरांचा आवाज ऐकू येईल इतकं गप्प राहू या.

आत्या, मी ह्याच खांबाजवळ उभा आहे. इथून जेवढं दिसलं, तेवढंच बोललो.