एक दांडा खाली

—नाही, नाही, तिथं नको उभी राहूस, त्याच कोपऱ्यातून पडतं सगळं पाणी – अशी इकडे ये, दाराशी. भिजलीस ना? तरी मी म्हणत होते. तुझा नवरा गाडीतच बसणार? बसू दे. ट्रेलर विकत घ्यायचा म्हणजे आधी हा कापडी छज्जा बघ. पलंग, शेगडी, बाथरूम – ते काय, कुणीही दाखवेल. माझा मुलगा फोनवर काय म्हणाला तुला? ‘आईला आता झेपत नाही’ – हो ना? हसतेस काय, हेच म्हणाला असणार, सगळ्यांना हेच सांगतो.

तर हा छज्जा. ओढला की उलगडत येतो, आणि पुढच्या बाजूला हे दोन दांडे उभे करायचे. ऊन असलं की दोन्ही सारख्या उंचीला ठेव, खुशाल खुर्ची टाकून बस. पण आभाळ भरून आलं की बाकी सगळं सोडायचं आणि एक दांडा खाली करायचा – चांगला हातभर खाली. का म्हणशील, तर कापड सपाट राहिलं की पाणी मधे साचतं, पोट सुटल्यासारखं कापड लोंबतं, आणि मग वाऱ्याचा एक झटका – संपलं. आणि दाराकडचा दांडा नाही हं खाली करायचा, नाहीतर येता-जाता डोक्यावर आंघोळ. हा, लांबचा. जिथं धार पडते तिथून हा चर बघ, उताराकडे काढलाय – नाहीतर पाणी चाकाखाली मुरतं आणि घर एका अंगाला कलतं. आमचं कललं होतं, पहिल्याच पावसात! पलंगावरून घरंगळत मी नऊ नंबरच्या अंगावर, आणि दोघी हसून हसून बेजार.

नऊ नंबर म्हणजे माझी मैत्रीण गं. टेलिफोन ऑफिसात मी आठ नंबरच्या खुर्चीवर बसायची, ती नऊ नंबरच्या. नोकरी संपली, नवरे गेले, मुलं आपापल्या संसाराला लागली, तेव्हा हे चाकांवरचं घर आम्ही दोघींनी मिळून घेतलं. कुठं कुठं नाही फिरलो! समुद्राकाठी राहिलो, धरणावर राहिलो, आणि मग हा ट्रेलरवाल्यांचा तळ आवडला म्हणून इथंच मुक्काम ठोकला. ठरलं होतं आमचं – एकीचे हातपाय थकले तर दुसरी करेल, पण मुलांच्या दारात जायचं नाही. हे तिचे शब्द हं, माझे नाहीत. मी आपली मान डोलावणारी.

छज्ज्याचं काम माझं. ती कुंड्या सांभाळायची – त्या बघ, वाळल्यात आता. त्या दिवशी दुपारी आभाळ काळं झालं, मी बाहेर आले, दांडा खाली केला, दोरी ताणली, आत जाऊन पडले. डोळा लागला. आणि एकदम असा आवाज – मला वाटलं झाडच कोसळलं! बाहेर येते तर छज्जा आडवा, दांडा मोडलेला, अख्खं तळं अंगणात आणि दोन्ही दांड्यांच्या खिट्ट्या – सारख्याच उंचीच्या भोकात. नऊ नंबर माझ्या शेजारी उभी. मी म्हटलं, ‘अगं, मी खाली केला होता.’ तर ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, ‘असू दे गं. होतं असं या वयात.’

होतं असं! मला वाटलं, होत असेल. तिनं सांगितल्यावर खरंच असणार, नाही का? तिनंच माझ्या मुलाला फोन केला. तो आला, डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी वार विचारला, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं – मी काढलं, बरोबर काढलं. आणि नऊ नंबर शेजारच्या खुर्चीवर. मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ती देत होती – ‘विसरते हल्ली. गॅस चालू ठेवते.’ कधी ठेवला गं मी गॅस चालू? पण तिनं माझा हात हातात धरला होता ना, मग मीसुद्धा मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात ती लेकीकडे गेली. जाताना म्हणाली, ‘तू मुलाकडे गेलीस की मीही निर्धास्त होईन.’ मी रडले – तिची सोबत सुटली म्हणून, आणि माझ्यामुळे सुटली म्हणून!

आणि परवा काय झालं – हा तळावरचा राखणदार, नवीन दांडा बसवायला आला. बोलता बोलता आपला सहज म्हणतो, ‘त्या दिवशी माझंच चुकलं, बाई. तुमच्या मैत्रिणीच्या कुंड्यांवर धार पडत होती, दांडा वर करायला मदत कर म्हणाल्या, मी केला. इतका पाऊस येईल असं वाटलं नव्हतं.’

मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर फोन लावला तिला. विचारलं. तर तिचा आवाज तसाच, मऊ – ‘अगं, असं कुठं झालं होतं? तुला भास होतोय. औषधं घेतेस ना वेळेवर?’ आणि तुला सांगते, एक क्षण – एकच क्षण – मला वाटलं, खरंच असेल. मी राखणदाराला हाक मारून परत विचारलं. ‘हो बाई, मीच वर केला’ म्हणाला – बिचारा घाबरलाच.

काय म्हणालीस? ‘त्यांचीही काही अडचण असेल’? असेल की! लेकीकडे जायचं होतं तिला, नातवंडांत. मग सांगायचं ना मला – मीच तिची बॅग भरली असती, स्टँडवर सोडायला गेले असते. आधी एक दिवस रुसून बसले असते, बस. पण शब्द मोडल्याचा ठपका नको होता तिला. कुंड्यांचं एक वेळ समजू शकते, चूक कुणाच्याही हातून होते. पण माझ्या डोक्यावरचा माझा विश्वास काढून घेतला गं तिनं, आणि वरून पाठ थोपटली.

मुलाला? नाही सांगितलं. काय सांगू? तो म्हणेल, आई, तुला तसं वाटतंय. गॅसचं तर त्याच्या मनात पक्कं बसलंय, आणि राखणदार कशाला मोठ्यांच्या भानगडीत पडतोय!

तुला पटतंय ना, मी सांगितलं ते? – अगं, बघ माझ्याकडे. खाली काय बघतेस?

असं होय. तुलाही मी भ्रमिष्टच वाटते.

नाही, आतून काही दाखवायचं नाही आता. ट्रेलर विकायचा नाहीये. नीघ. गाडीत जाऊन बस, नवरा वाट बघतोय. आणि माझ्या मुलाला फोन करशीलच, तेव्हा सांग त्याला – म्हातारीनं दारातून हाकललं म्हणावं. ते तरी तो खरं मानेल.